सर्व्हिस अकाउंटचे पासवर्ड चोरीपासून कसे वाचवायचे: नव्या विंडोज अ‍ॅडमिनसाठी पायरीपायरीनं

नोकरीला लागून तिसरा आठवडा होता. वरिष्ठ म्हणाले, "सर्व्हिस अकाउंटांची एक यादी काढून दे." कमांड चालवली आणि 'पासवर्ड शेवटचा कधी बदलला' हा रकाना वरून खाली वाचत गेलो. २०१९, २०१६, २०१६, २०११. त्या २०११ च्या ओळीत बॅकअपचं अकाउंट होतं आणि शेजारच्या रकान्यात सगळ्या नेटवर्कवर पूर्ण ताबा असलेल्या ग्रुपचं नाव लिहिलं होतं, डोमेन अ‍ॅडमिन्स. ज्यानं ते अकाउंट उघडलं तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्यानं ठेवलेला पासवर्ड मात्र रोज रात्री दोन वाजता बॅकअप घेत होता.

त्या यादीपासून सगळी अकाउंटं ताळ्यावर आणेपर्यंत आम्हाला सात महिने लागले. मधे एकदा कारखान्याच्या गेटवर ट्रकांची रांग लागली, तीही माझ्यामुळे. तुमचं काम त्याहून लवकर आणि कमी त्रासात व्हावं म्हणून हे सविस्तर लिहितोय. सगळं विवेचन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनबद्दल, म्हणजे कंपनीतली अकाउंटं आणि मशीनं एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेबद्दल आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरा.

चोरी नेमकी होते कशी

सर्व्हिस अकाउंट म्हणजे माणसासाठी नव्हे, प्रोग्रामसाठी उघडलेलं अकाउंट. डेटाबेस, बॅकअप, वेबसाइट, स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकणारा प्रिंटर, असे सगळे त्यावर चालतात. माणूस सुट्टीवर गेला, नोकरी सोडली, पासवर्ड विसरला की कुणाच्या तरी लक्षात येतं. या अकाउंटांची हजेरी कुणीच घेत नाही.

विंडोज २००० पासून डोमेनमध्ये ओळख पटवायचं काम कर्बेरोस पद्धतीनं, म्हणजे दर वेळी पासवर्ड न देता तिकीट दाखवून होतं. एखादी सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालते, त्या अकाउंटला एक नोंद चिकटवलेली असते. तिला एसपीएन (सर्व्हिस प्रिन्सिपल नेम) म्हणतात. आता महत्त्वाची गोष्ट बघा. डोमेनमधला कुठलाही साधा वापरकर्ता डोमेन कंट्रोलरकडे (अकाउंटं सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरकडे) अशा कुठल्याही सर्व्हिसचं तिकीट मागू शकतो आणि ते त्याला मिळतं. ती सर्व्हिस वापरायची त्याला परवानगी आहे का, हे डोमेन कंट्रोलर बघत नाही. ते बघणं सर्व्हिसचं काम. आणि त्या तिकिटाचा एक भाग सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीनं बंद केलेला असतो.

चोराला एवढं पुरतं. तो तिकीट स्वतःच्या मशीनवर नेतो आणि तिथं एकामागून एक पासवर्डचे अंदाज लावून बघतो. तुमच्या सर्व्हरवर चुकीच्या पासवर्डची एकही नोंद पडत नाही, अकाउंट लॉक होत नाही. टिम मेडिन यांनी २०१४ मध्ये डर्बीकॉन परिषदेत हे दाखवलं आणि त्याला कर्बेरोस्टिंग हे नाव पडलं. तिकीट जुन्या आरसी४ प्रकारचं असेल तर चोराचं काम आणखी सोपं होतं. कारण तिथं किल्ली म्हणजे पासवर्डचा एनटी हॅशच (पासवर्डपासून गणितानं बनवलेला ठसा) असतो, त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक अकाउंटसाठी मिसळलेला वेगळा मजकूर, नसतो. एईएस प्रकारात सॉल्टही असतो आणि प्रत्येक अंदाजासाठी ४०९६ फेऱ्या माराव्या लागतात.

हा धोका कागदावरचा नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या असेन्शन या रुग्णालय-समूहावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ५६ लाख लोकांची माहिती उघडी पडली. त्या हल्ल्यात कर्बेरोस्टिंग वापरलं गेल्याचं सिनेटर रॉन वायडन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. सुरुवात एका लॅपटॉपवरच्या एका क्लिकपासून झाली होती.

चोरीच्या आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे सर्व्हरमधून. सर्व्हिस आपोआप सुरू व्हायची तर विंडोजला तिचा पासवर्ड कुठेतरी ठेवावाच लागतो. तो रजिस्ट्रीत, एलएसए सीक्रेट्स या भागात असतो, आणि त्या मशीनचा लोकल अ‍ॅडमिन झालेला माणूस तो जसाच्या तसा बाहेर काढू शकतो. म्हणजे एकच अकाउंट चाळीस मशीनवर वापरलं तर त्याच्या चोरीला चाळीस दारं उघडी. दुसरी वाट त्याहून सोपी: पासवर्ड कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेला असतो.

कामाला लागण्याआधी हाताशी काय हवं

- लेखी परवानगी. ही सगळ्यात आधी. पुढच्या पायऱ्यांत तुम्ही शेअर फोल्डरांतून पासवर्ड शोधणार आहात. बाहेरून बघणाऱ्याला ते चोरासारखंच दिसेल. कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कुठल्या सर्व्हरवर, हे ईमेलमध्ये लिहून वरिष्ठांचं 'हो' घ्या.
- आरएसएटी (सर्व्हरचं काम आपल्या मशीनवरून करायची साधनं) आणि त्यातलं पॉवरशेलचं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मॉड्यूल.
- डोमेन कंट्रोलरचा ताजा सिस्टिम स्टेट बॅकअप, आणि तो परत आणता येतो याची खात्री.
- पासवर्ड व्हॉल्ट. कीपास चालेल, बिटवॉर्डन चालेल. एक्सेल फाइल चालणार नाही, तिला पासवर्ड लावला असला तरी.
- एक रजिस्टर: अकाउंटचं नाव, कुठं वापरतात, जबाबदार माणूस, पासवर्डची तारीख, अधिकार, शेरा. हे एक्सेलमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त त्यात पासवर्ड लिहू नका.
- प्रयोगासाठी एखादा कमी महत्त्वाचा सर्व्हर.

१. आधी यादी, बाकी सगळं नंतर

पहिल्या दिवशी पासवर्ड बदलायला हात शिवशिवतात. थांबा.

पॉवरशेलमध्ये 'गेट-एडीयूजर' कमांडनं ज्या वापरकर्त्यांना एसपीएन आहे ते सगळे काढा. सोबत पासवर्ड शेवटचा कधी बदलला, शेवटचं लॉग ऑन, ग्रुप आणि एन्क्रिप्शनचे प्रकार हे रकाने घ्या. चोरही पहिल्यांदा हीच यादी काढतो, म्हणून तुमच्या कामाचा क्रमही तीच ठरवते. डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये असलेलं आणि सगळ्यात जुन्या पासवर्डचं अकाउंट सगळ्यात वर.

पण एसपीएन नसलेली सर्व्हिस अकाउंटंही असतात. ती शोधायला प्रत्येक सर्व्हरवरच्या सर्व्हिसेस कुठल्या नावानं चालतात ते बघा, शेड्यूल्ड टास्क बघा, आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरचे अ‍ॅप्लिकेशन पूल बघा. फायरवॉल, एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचं यंत्र) आणि प्रिंटर यांच्या सेटिंगमध्ये एलडॅपसाठी, म्हणजे डिरेक्टरीतून माहिती विचारण्यासाठी, कुठलं अकाउंट भरलंय तेही बघा. प्रिंटरकडे विशेष लक्ष द्या. त्याच्या वेब पानाचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच असेल, तर चोर तिथं जाऊन एलडॅप सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःच्या मशीनचा घालतो आणि प्रिंटर बिचारा पासवर्ड त्याच्याकडे पाठवून मोकळा होतो.

आता ट्रकांच्या रांगेची गोष्ट. डेटाबेसचं एक अकाउंट दोन सर्व्हरवर वापरलं जातं, अशी माझी यादी सांगत होती. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्याचा पासवर्ड बदलला, दोन्हीकडे नवा भरला, सगळं चालू झालं. वीस मिनिटांनी गेटवरून फोन आला, वजनकाटा बंद आहे. वजनकाट्याचा पीसी त्याच अकाउंटनं डेटाबेसला जोडलेला होता आणि हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तो जुना पासवर्ड पाठवत राहिला, पाच चुका झाल्या, अकाउंट लॉक झालं, आणि त्यासोबत आधीचे दोन्ही सर्व्हरही बसले. बाहेर ट्रक उभे, आणि वॉचमन वहीत गाडीचे नंबर लिहून घेतोय. अकाउंट कुठून लॉक झालं हे डोमेन कंट्रोलरवरच्या ४७४० क्रमांकाच्या नोंदीत मशीनच्या नावासकट मिळतं. त्या दिवशी ते मला शोधून सापडलं, पण आधी माहीत हवं होतं.

तेव्हापासून कानाला खडा. कुठल्याही अकाउंटला हात लावण्याआधी ते कुठून कुठून वापरलं जातं हे नोंदींतून काढायचं. डोमेन कंट्रोलरवर ४७६८ क्रमांकाच्या नोंदीत त्या अकाउंटसाठी कुठल्या आयपीवरून मागणी आली ते दिसतं, आणि जुनी एनटीएलएम पद्धत वापरणाऱ्यांचं मशीन ४७७६ मध्ये. निदान एक पूर्ण महिना या नोंदी गोळा करा, म्हणजे महिनाअखेरीचे रिपोर्टही त्यात येतील.

दोन फसगती इथं हमखास होतात. 'शेवटचं लॉग ऑन' ही तारीख सगळ्या डोमेन कंट्रोलरांमध्ये लगेच पोचत नाही, ती दोन आठवड्यांपर्यंत मागे असू शकते. म्हणून 'दहा दिवस कुणी वापरलं नाही' यावरून निष्कर्ष काढू नका. आणि पडीक वाटणारं अकाउंट डिलीट करू नका, डिसेबल करा. आमच्याकडे एक अकाउंट वर्षातून एकदाच, मार्चअखेरीच्या स्टॉक मोजणीला लागायचं. मार्च उलटेपर्यंत वाट बघा, मग डिलीट करा.

२. उघड्यावर पडलेले पासवर्ड गोळा करा

सुरुवात डोमेन कंट्रोलरवरच्या सिसव्हॉल या सामायिक फोल्डरपासून. डोमेनमधला प्रत्येक वापरकर्ता तो वाचू शकतो. पूर्वी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून (ग्रुप पॉलिसी म्हणजे अनेक मशीनवर एकदम सेटिंग लावायचं साधन) पासवर्ड वाटायची सोय होती आणि तो एक्सएमएल फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवला जायचा. अडचण अशी की ती एन्क्रिप्शनची किल्ली खुद्द मायक्रोसॉफ्टनंच आपल्या दस्तऐवजात छापली होती. मे २०१४ मध्ये एमएस१४-०२५ या अपडेटनं ही सोय बंद झाली. पण त्या अपडेटनं आधीच्या फाइली पुसल्या नाहीत. तुमचं डोमेन २०१४ पूर्वीचं असेल तर सिसव्हॉलमधल्या एक्सएमएल फाइलींत 'सीपासवर्ड' हा शब्द एकसंध लिहून शोधा. सापडला तर तो पासवर्ड चोरीला गेलाय असंच धरून चाला.

मग लॉग ऑन स्क्रिप्ट, वेबसाइटच्या कॉन्फिग फाइली, सामायिक फोल्डरातल्या 'आयटी डिटेल्स' छापाच्या फाइली. आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतला 'डिस्क्रिप्शन' रकाना. त्यात पासवर्ड लिहून ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. तो रकाना सगळ्यांना वाचता येतो हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतं.

सापडलेली प्रत्येक जागा रजिस्टरमध्ये नोंदवा. फाइल पुसली म्हणजे काम झालं असं नाही, पासवर्डही बदलावा लागतो.

३. अधिकार कमी करा

मजबूत पासवर्डची चर्चा सगळे करतात. माझं मत असं की अकाउंट कुठं कुठं शिरू शकतं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. चोरीला गेलेलं अकाउंट एकाच सर्व्हरवरचं एकच फोल्डर वाचू शकत असेल तर नुकसान तेवढंच. तेच डोमेन अ‍ॅडमिन असेल तर सगळं घरच गेलं.

एकही सर्व्हिस अकाउंट डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये ठेवू नका. इथं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी वाद होणार. आमच्या बॅकअपवाल्या अकाउंटबद्दल फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "सर, डोमेन अ‍ॅडमिन दिलं की कटकट नाही राहत. आम्ही सगळीकडे तसंच देतो." त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण इन्स्टॉल करताना अडचण येऊ नये एवढीच त्याची चिंता असते. मी ईमेल पाठवली: या अकाउंटला नेमके कुठले फोल्डर, कुठले लोकल ग्रुप, कुठले अधिकार लागतात ते लिहून द्या. नऊ दिवसांनी उत्तर आलं. यादीत डोमेन अ‍ॅडमिन कुठंच नव्हतं. तेवढेच अधिकार देऊन चाचणीच्या सर्व्हरवर बॅकअप घेतला, परत आणून बघितला, मगच मुख्य अकाउंटाला हात लावला.

यासोबत तीन गोष्टी करा. एका सर्व्हिसला एकच अकाउंट, वाटावाटी नाही. ग्रुप पॉलिसीतून या अकाउंटांना 'डिनाय लॉग ऑन लोकली' आणि 'डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' लावा, म्हणजे पासवर्ड हाती लागला तरी त्यानं स्क्रीनवर लॉग इन करता येणार नाही. आणि डोमेन अ‍ॅडमिन असलेल्या माणसांच्या अकाउंटवर कुठल्याही साध्या सर्व्हरची सर्व्हिस किंवा टास्क चालत असेल तर ती आजच हलवा, यादी पूर्ण व्हायची वाट न बघता.

एक सूचना. 'प्रोटेक्टेड यूजर्स' नावाचा ग्रुप दिसला की त्यात सगळं टाकावंसं वाटतं. तो माणसांच्या महत्त्वाच्या अकाउंटांसाठी आहे. सर्व्हिस अकाउंट त्यात टाकलं तर सर्व्हिस बंद पडते.

४. पासवर्ड माणसाच्या हातातून काढून घ्या: जीएमएसए

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे. वेळही इथंच घालवा.

माणसानं ठेवलेला पासवर्ड आठवणीत राहावा असा असतो, म्हणून अंदाजानं सापडतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, म्हणजे जीएमएसए मिळतं. त्याचा पासवर्ड डोमेन कंट्रोलर स्वतः बनवतो, तो भलामोठा आणि रँडम असतो आणि दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. माणसाला तो कधी टाइप करावा लागत नाही. अशा अकाउंटचं तिकीट चोरानं नेलं तरी अंदाजानं ते उघडणं शक्यतेच्या बाहेरचं आहे.

क्रम असा:

पहिल्यांदा केडीएस रूट की, म्हणजे जिच्यावरून हे पासवर्ड बनतात ती मूळ किल्ली, बनवा. कमांड 'अ‍ॅड-केडीएसरूटकी'. ती फॉरेस्टमध्ये (एकत्र जोडलेल्या सगळ्या डोमेनसाठी मिळून) एकदाच करायची असते, म्हणून आधीच कुणी केली आहे का ते तपासा. 'ताबडतोब लागू' असा पर्याय दिला तरी प्रत्यक्षात दहा तास थांबावं लागतं, कारण सगळ्या डोमेन कंट्रोलरांपर्यंत ती पोचायला हवी. ही वेळ मागे ढकलायची युक्ती इंटरनेटवर सापडेल. ती लॅबपुरती आहे. आपण संध्याकाळी बनवा, सकाळी पुढे जा.

मग एक सिक्युरिटी ग्रुप उघडा आणि ज्या सर्व्हरवर ती सर्व्हिस चालते तेवढीच कॉम्प्युटर अकाउंटं त्यात घाला. हा ग्रुप म्हणजे जीएमएसएचा पासवर्ड मागायचा हक्क. घाईत इथं 'डोमेन कॉम्प्युटर्स' लिहिलेलं मी पाहिलंय. मग रिसेप्शनवरच्या पीसीचा ताबा मिळवणाराही तो पासवर्ड मागू शकतो, आणि सगळी मेहनत वाया.

त्यानंतर 'न्यू-एडीसर्व्हिसअकाउंट' कमांडनं अकाउंट बनवा. नाव १५ अक्षरांत बसवा, त्याहून लांब चालत नाही. सर्व्हर रीस्टार्ट करा. इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. ग्रुपमध्ये घातलं, सगळं बरोबर केलं, तरी चाचणी फसते, कारण सर्व्हरला आपण नव्या ग्रुपमध्ये आहोत हे रीस्टार्ट झाल्यावरच कळतं. मग 'टेस्ट-एडीसर्व्हिसअकाउंट' चालवा. उत्तर 'ट्रू' आलं पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

शेवटी सर्व्हिसच्या 'लॉग ऑन' टॅबमध्ये डोमेनचं नाव, उलटी तिरकी रेघ, अकाउंटचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. पासवर्डचे दोन्ही रकाने पूर्ण रिकामे करा. त्यात आधीपासून ठिपके भरलेले दिसतात, ते खोडायला विसरू नका. सर्व्हिस सुरू झाली नाही तर पहिल्यांदा फोल्डरच्या परवानग्या बघा. नवं अकाउंट म्हणजे नवा माणूस, जुन्याचे हक्क त्याला आपोआप मिळत नाहीत. एसपीएनही जुन्या अकाउंटवरून काढून नव्यावर लावावा लागतो. एकच एसपीएन दोन्हीकडे राहिला तर कर्बेरोस अडतं. 'सेटएसपीएन' कमांडला एक्सचा स्विच दिला की अशा दुहेरी नोंदी दिसतात.

जीएमएसए म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. त्या सर्व्हरचा पूर्ण ताबा ज्यानं घेतला त्याला ते अकाउंट वापरता येणारच. म्हणून आधीची पायरी गाळू नका.

विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये डीएमएसए नावाचा नवा प्रकार आलाय. मे २०२५ मध्ये अकामाई या कंपनीच्या संशोधकांनी त्यातली बॅडसक्सेसर ही गंभीर त्रुटी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये तिचं अपडेट आलं. तुमच्याकडे २०२५ चा एकही डोमेन कंट्रोलर असेल तर ते अपडेट लागलंय का आधी बघा. नवशिक्यांनी सुरुवात जीएमएसएनंच करावी असं मी म्हणेन.

५. जी अकाउंटं हलत नाहीत त्यांच्यासाठी

जुनी सॉफ्टवेअरं, प्रिंटर, लिनक्सवरची काही कामं जीएमएसए घेत नाहीत. त्यांना व्हॉल्टमधून बनवलेला निदान ३० अक्षरांचा रँडम पासवर्ड द्या. फक्त अक्षरं आणि आकडे ठेवा. टक्केवारीचं चिन्ह किंवा अवतरणचिन्ह आलं की काही जुनी सॉफ्टवेअरं गडबडतात आणि तुमची संध्याकाळ कारण शोधण्यात जाते. चिन्हं गाळली म्हणून घाबरू नका, लांबीनं त्याची भरपाई होते.

लांबीची सक्ती करायला फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी वापरा. ती ओयूवर (डिरेक्टरीत अकाउंटं ठेवायच्या कप्प्यावर) लागत नाही, वापरकर्त्यावर किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपवरच लागते. मी अर्धा दिवस ओयूवर लावायचा प्रयत्न करत होतो. त्याच पॉलिसीत या अकाउंटांचं लॉकआउट बंद ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण ३० रँडम अक्षरं लॉग इनच्या दारात उभं राहून कुणी ओळखू शकत नाही. उलट लॉकआउट चालू असेल तर कुणीही मुद्दाम पाच चुकीचे पासवर्ड मारून तुमची सर्व्हिस बंद पाडू शकतो. वजनकाट्याच्या दिवशी तेच झालं होतं, फक्त ते मुद्दाम नव्हतं.

या पासवर्डला मुदत लावू नका, पण वर्षातून एकदा आणि तो माहीत असलेला माणूस नोकरी सोडेल त्या दिवशी बदला.

६. आरसी४ बंद करा, पण उडी मारून नको

अकाउंटच्या प्रॉपर्टीजमध्ये एईएस १२८ आणि एईएस २५६ या दोन्हींवर खूण करा. मात्र खूण करण्याआधी पासवर्डची तारीख बघा. डोमेनची पातळी (फंक्शनल लेव्हल) २००८ किंवा त्यापुढं नेण्यापूर्वीचा पासवर्ड अजून चालू असेल तर त्या अकाउंटसाठी एईएसच्या किल्ल्या बनलेल्याच नसतात. खूण केली की सर्व्हिस बंद पडते. पासवर्ड एकदा बदलला की किल्ल्या तयार होतात.

आणि नुसत्या खुणेवर विसंबू नका. डोमेन कंट्रोलरवरच कर्बेरोसच्या एन्क्रिप्शन प्रकारांचं धोरण लावून आरसी४ बंद करायला हवं. त्याआधी पुढच्या पायरीत सांगितलेल्या नोंदींतून कोण अजून आरसी४ मागतंय ते महिनाभर बघा. आमच्याकडे एक जुना एनएएस निघाला, त्याचं फर्मवेअर बदलल्यावर प्रश्न मिटला. एईएस आलं म्हणून कच्चा पासवर्ड पक्का होत नाही, चोराला वेळ जास्त लागतो इतकंच.

७. नोंदी ऐका आणि एक आमिष लावा

डोमेन कंट्रोलरवर कर्बेरोस सर्व्हिस तिकिटांचं ऑडिट चालू करा. मग प्रत्येक तिकिटाची ४७६९ क्रमांकाची नोंद पडते. या नोंदी प्रचंड असतात, सगळ्या वाचू म्हणाल तर वेड लागेल. गाळणी अशी लावा: तिकिटाचा एन्क्रिप्शन प्रकार ०एक्स१७, म्हणजे आरसी४, आणि सर्व्हिसचं नाव डॉलरनं संपणारं नाही. तसंच एकाच वापरकर्त्यानं काही मिनिटांत वीस वेगवेगळ्या सर्व्हिसची तिकिटं मागितली तर तो माणूस असण्याची शक्यता कमीच.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे आमिष. खऱ्या वाटेल अशा नावाचं एक अकाउंट उघडा, त्याला एसपीएन लावा, ३० अक्षरांचा पासवर्ड ठेवा आणि ते कुठंही वापरू नका. पासवर्डची तारीख नवी दिसते म्हणून आम्ही ते उघडून वर्षभर तसंच मुरू दिलं. त्या अकाउंटचं तिकीट मागायचं कुणालाच कारण नाही. म्हणून त्याच्यासाठी आलेली एक जरी ४७६९ नोंद दिसली तरी लगेच फोन वाजला पाहिजे. अशी सूचना लावली की स्वतःच एक तिकीट मागून ती खरंच येते का ते तपासा. आमची पहिल्यांदा स्पॅममध्ये गेली होती.

भारतात काम करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लक्षात ठेवा. नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं. सहा तास फार पटकन जातात. अर्ज कोण भरणार, कुणाच्या सहीनं, हे आधी ठरवून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा.

८. चोरी झालीच, तर क्रम चुकवू नका

धावपळीत पहिला हात पासवर्ड बदलण्याकडे जातो. पण चोर अजून त्याच सर्व्हरवर बसलेला असेल तर तुम्ही नवा पासवर्ड भरताक्षणी तो एलएसए सीक्रेट्समधून त्याच्याकडे पुन्हा पोचतो. म्हणून आधी तो सर्व्हर नेटवर्कवरून वेगळा करा. बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातील.

मग पासवर्ड बदला. जीएमएसए असेल तर त्याचा पासवर्ड हातानं बदलता येत नाही, म्हणून नवं जीएमएसए बनवा आणि जुनं डिसेबल करा.

त्यानंतर ते अकाउंट कुठं कुठं शिरलं ते शोधा. नुसतं डोमेन कंट्रोलरवर बघून भागत नाही. पासवर्ड किंवा हॅश हाती लागलेला चोर त्या सर्व्हिससाठी स्वतःच खोटं तिकीट बनवू शकतो. त्याला सिल्व्हर तिकीट म्हणतात, आणि ते वापरताना तो डोमेन कंट्रोलरकडे जातच नाही. म्हणून ज्या सर्व्हरवर ती सर्व्हिस चालते, तिथल्याच ४६२४ क्रमांकाच्या नोंदी काढा. लॉग ऑन प्रकार ५ म्हणजे सर्व्हिस स्वतः सुरू झाली, ३ म्हणजे नेटवर्कवरून कुणी आलं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. खोट्या तिकिटात चोर कुणाचंही नाव घालू शकतो, म्हणून नुसतं सर्व्हिस अकाउंटचं नाव शोधू नका, त्या सर्व्हरवर नेटवर्कवरून आलेलं प्रत्येक नाव तपासा. आणि सर्व्हिस अकाउंटच्या नावापुढं १० दिसला, तर ती वेळ आणि तो आयपी लिहून घ्या. पुढचा शोध त्या आयपीच्या मशीनपासून सुरू करा.